पाहुण्याच्या कागदावरची ओळ

त्या तळघरात दमानं काकूंचा हात म्हणजे शेवटचा शब्द. नवीन कुणी कामाला आलं की साहेब म्हणायचे, "आधी काकूंचा हात बघा, मग मशीन बघा." केसाएवढ्या चार तारा, त्यांना सोल्डरचे चार बारीक टाके, आणि ते टाकताना काकूंचा श्वास चालू आहे की नाही अशी शंका यावी. बत्तीस वर्षं तो हात कधी हलला नव्हता. आणि त्याच हातानं एका मंगळवारी, दुपारी दोनला वीस मिनिटं कमी असताना, घात केला.

काकूंचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, कुणाच्या तोंडात नव्हतं. कुणी घाईत दार ढकललं की, "दमानं!" कुणी आकडा लगेच मागितला की, "दमानं घ्या, अजून बसला नाही तो." झालं, दमानं काकू. घरी त्यांचे मिस्टरसुद्धा, जुने बस ड्रायव्हर, त्या भांडी जोरात ठेवायला लागल्या की आतून ओरडायचे, "अगं दमानं, दमानं!" आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसायचे.

काम काय, तर थंडी मोजायची. फ्रीजची थंडी नव्हे हो! शून्याच्या खाली दोनशे एकोणसत्तर, जिथे हवासुद्धा दगड होऊन बसते. तिथे पारा चालत नाही, तिथे चालते फक्त धातूची एक बारीक तार. थंडी वाढली की तारेचा रेझिस्टन्स कमी होतो, तो मोजला की तापमान कळतं. ऐकायला किती सोपं. पण रेझिस्टन्स मोजायचा तर तारेतून करंट सोडावा लागतो, आणि करंट सोडला की तार गरम होते. म्हणजे तुम्ही विचारलंत, "काय गं, किती थंडी?" की तुमच्या विचारण्यानंच तिला ऊब लागली! म्हणून आधी अगदी कमी करंटनं विचारायचं, मग जरा जास्त करंटनं विचारायचं, आणि दोन्ही उत्तरांवरून मागे जायचं, की कुणी विचारलंच नसतं तर ही काय म्हणाली असती. काकूंचा सगळा जीव या शेवटच्या पायरीवर. आणि चार तारा कशाला, तर दोन करंट नेतात आणि दोन नुसत्या ऐकतात. "ऐकणाऱ्यांनी मध्ये बोलायचं नाही," काकू शिकवायच्या, "नाहीतर त्यांचंच रडगाणं आकड्यात येतं."

तर त्या महिन्यात तळघरात पाहुणा आला होता.

पाहुणा म्हणजे एक थर्मामीटर. करंगळीच्या दोन पेरांएवढा, धातूच्या नळीत बंद, आत ती बारीक तार सैल गुंडाळलेली. सैल, कारण आवळली की तिचा आकडा बदलतो. हा पाहुणा स्पंजच्या पेटीत बसून सहा लॅबमध्ये फिरतो. प्रत्येक लॅबनं त्याला आपल्याकडच्या थंडीत घालायचं, आकडे काढायचे, पाकीट बंद करून वरच्या ऑफिसला पाठवायचं. कुणी कुणाला थंडीतला आकडा सांगायचा नाही, फोनवर तर काहीच नाही; पेटीतल्या कागदावर फक्त पाहुण्याच्या तब्येतीचा आकडा पुढच्या लॅबला जातो. शेवटी सगळी पाकिटं उघडतात. ज्यांचा आकडा इतरांशी जुळला त्यांचा शिक्का राहिला. ज्यांचा नाही जुळला, त्यांनी शटर ओढायचं.

काकूंची लॅब मागच्या फेरीत थोडक्यात रेषेबाहेर पडली होती. वरच्या ऑफिसनं तेव्हा सोडलं, पण पत्रात एक वाक्य होतं: पुढच्या वेळी नाही. शिक्का गेला की तळघरातली तिन्ही माणसं गेली. साहेब, बाहेरचा टायपिस्ट, आणि काकू. काकूंची निवृत्ती आठ महिन्यांवर होती. बत्तीस वर्षं काढून शेवटी "ज्यांचा शिक्का गेला त्यातल्या एक" म्हणून घरी जायचं? नाही. काकूंनी देवाला नाही, त्या पेटीला हात जोडले होते.

आणि अजून एक गोष्ट होती, ती साहेबांना माहीत नव्हती. पेटीवर पुढच्या लॅबचा पत्ता होता. तिथे चिमणी होती.

चिमणी म्हणजे काकूंच्या बहिणीची मुलगी. काकूंनीच तिला या कामात आणलेलं, याच टेबलावर टाके घालायला शिकवलेलं. तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी तिच्या हातून एक थर्मामीटर टेबलाच्या कडेला लागला. टिक. एवढाच आवाज. ती घाबरली, गप्प राहिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन रडत सांगितलं. काकूंनी काय केलं? सगळ्यांसमोर आकड्यांची वही उघडली आणि म्हणाल्या, "एक रात्र तू खोट्या आकड्यावर झोपलीस. ज्याला हे जमतं त्यानं भाजी विकावी, इथे येऊ नये." बहीण म्हणाली, "अगं पोर आहे, स्वतःहून सांगितलं ना तिनं!" काकू म्हणाल्या, "उशिरा सांगितलं." चिमणी महिन्याभरात दुसऱ्या शहरातल्या लॅबमध्ये गेली. तेव्हापासून बहीण कामापुरतं बोलते आणि चिमणी वाढदिवसाला एक ओळीचा मेसेज पाठवते. त्यात "मावशी" हा शब्द पण नसतो.

पाहुण्याचं काम मात्र छान चाललं होतं, इतकं छान की काकूंना भीती वाटायला लागली. आल्या दिवशी त्याला पाण्याच्या बरणीत घातलं. ही काचेची बंद बरणी असते, आत बर्फ, पाणी आणि वाफ तिघं एकत्र नांदतात, आणि जोवर तिघं आहेत तोवर तापमान कुठेही, कधीही तेच. पाहुणा ठणठणीत आहे का ते बघायची जागा. तारेच्या रेझिस्टन्सचा आकडा आला एकोणपन्नास पूर्णांक नऊ आठ दोन एक तीन. मग पाच दिवस हेलियमच्या टाकीत, म्हणजे खऱ्या थंडीत. प्रत्येक टप्प्यावर करंट एकदा सुलटा, एकदा उलटा, कमी, जास्त, पुन्हा कमी. काकू स्टुलावर बसून, शाल घेऊन, आकडे लिहितायत. जुळत होते! आपल्या जुन्या वह्यांशी केसाच्या फरकानं जुळत होते.

घरी मात्र मिस्टरांना ताप चढला होता. चार दिवस उतरेना. काकू पहाटे उठून ताप बघायच्या, ऑफिसला निघताना बघायच्या, आल्या आल्या बघायच्या. घरात तोच जुना पाऱ्याचा थर्मामीटर. मिस्टर गोधडीतून म्हणायचे, "अगं डिजिटल घे की एखादा, टीट वाजतो."

"त्याला चार तारा आहेत का?"

"मला ताप आलाय, मी काय हेलियमच्या टाकीत बसलोय का?"

"तोंड बंद ठेवा. आकडा बिघडतो."

आणि मग पारा खाली उतरवायला झटका. मनगटातून, एक, दोन, तीन. पुन्हा तोंडात. पुन्हा झटका. चार दिवसांत किती वेळा ते देवालाच ठाऊक.

मंगळवारी शेवटचं काम उरलं होतं. पाहुणा टाकीतून बाहेर आला, खोलीच्या तापमानाला आला, आणि निरोपाआधी पुन्हा पाण्याच्या बरणीत. जातानाचा आकडा येतानाच्या आकड्याशी जुळला पाहिजे, म्हणजे आपल्या घरात पाहुण्याला काही झालं नाही. दीड वाजता आकडा बसला. शेवटी तीन. तोच तीन! काकूंनी पेटीतल्या कागदावर लिहिलं, सही केली, साहेबांची सही आणली. साहेब तर चक्क हसले. "काकू, आज चहा माझ्याकडून." चारला कुरिअर येणार होता.

बरणीत सोडण्यासाठी पाहुणा एका लांब नळीच्या टोकाला बसवलेला होता, त्या नळीसकट काकूंनी त्याला वर काढलं. टोकाला पाण्याचा एक थेंब लटकत होता. आणि हातानं काय करावं?

झटका. मनगटातून. एक.

दुसरा झटका अर्ध्यात थांबला.

आवाज झाला नाही. कशाला लागलं नाही. थेंब फरशीवर पडला, बस. खोलीत कुणी नव्हतं. पण काकूंच्या कानात आतून भोंगा वाजला. आतली ती सैल तार, तिच्या वेटोळ्यांना एवढा हिसका! टेबलाला टिक करून लागणं परवडलं. त्या तशाच उभ्या राहिल्या, हातात पाहुणा, आणि तोंडातून एकच निघालं, "अगं आई गं."

पहिला विचार काय आला, तर कागद झालाय. सह्या झाल्यात. आकडा तीन आहे, आणि तो लिहिला तेव्हा खराच होता. खोटं कुठे आहे? दुसरा विचार आला, एका झटक्यानं काय होतंय, लोक विमानानं नेतात त्याला. तिसरा विचार यायच्या आत त्यांनी पाहुण्याला परत बरणीत सोडलं, कारण हे सगळे विचार कुणाचे असतात ते त्यांना माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी एका पोरीला एक रात्र हेच विचार आले होते.

बरणीत घातलं की लगेच आकडा बसत नाही, चाळीस मिनिटं थांबावं लागतं. आयुष्यभर दुसऱ्यांना दमानं सांगणारी बाई त्या चाळीस मिनिटांत सहा वेळा मशीनपाशी गेली. आठ. सात. पुन्हा आठ. काकू स्वतःशीच म्हणाल्या, बसू दे, बसू दे, अजून गरम असेल, माझाच हात लागलाय. पाऊण तास झाला. नऊ. करंट कमी केला. नऊ. वाढवला, हिशेब मागे नेला, कुणी विचारलंच नसतं तर काय म्हणाला असता?

नऊ.

पाचव्या घरातला तीन आता नऊ झाला होता. म्हणजे किती, तर एका अंशाचे हजार भाग करा, त्यातल्या एका भागाचे तीन करा, तेवढं. माणसाला जन्मात कळणार नाही. पण या पाहुण्याच्या बाबतीत एक-दोन आकडे इकडेतिकडे चालतात. सहा नाही चालत.

आणि हा उद्या कुणाच्या दारात जाणार? चिमणीच्या. ती आल्या आल्या बरणीत घालणार, तिला नऊ दिसणार. कागदावर मावशीच्या सहीनिशी तीन. मग लोक काय म्हणणार? बत्तीस वर्षांच्या हातानं तीन लिहिलंय, या पोरीनंच काहीतरी केलं असणार, आधीही केलं होतं म्हणे. पोरगी भांडणार सुद्धा नाही. तिला वाटेल, मावशी चुकूच शकत नाही, माझाच हात वाईट.

तीनला साहेब आले, हातात दोन चहा. बरणीतला पाहुणा बघून त्यांचा चेहरा उतरला. "हा अजून आत कसा? पेटी बंद नाही केली?"

"साहेब, मी झटकला त्याला."

"म्हणजे?"

काकूंनी हात करून दाखवला. ताप बघायचा थर्मामीटर झटकतात तसा. साहेबांच्या कपातला चहा बशीत सांडला.

"काकू, थट्टा करू नका हं."

"नऊ आलाय. चारदा बघितला."

साहेब खुर्चीत बसले, मग उठले, मग दार लावून घेतलं. त्यांचं वय काकूंपेक्षा पंधरा वर्षांनी कमी, स्वभाव घाबरट, पण माणूस वाईट नव्हता, हे सांगायलाच पाहिजे. ते हळू आवाजात म्हणाले, "आपले आकडे तर आधीच झालेत ना? थंडीतले सगळे? आणि जातानाचा पण? मग आपलं काम खरं आहे. कागद खरा आहे."

"कागद दीड वाजेपर्यंत खरा आहे."

"नियम काय सांगतो, पाहुण्याला तुमच्याकडे इजा झाली की तुमची फेरीच रद्द होऊ शकते! काकू, मागच्या वेळचं पत्र विसरलात? शटर! तुम्ही आठ महिन्यांनी घरी जाल, मी कुठे जाऊ? बाहेर तो टायपिस्ट, त्याचं मागच्या महिन्यात लग्न झालंय!"

हे सगळं खरंच होतं. काकूंचे डोळे भरले, त्यांनी शालीनं पुसले, आणि मग चिडून म्हणाल्या, "मग मी काय करू? मारू का स्वतःचा हात?"

"काही करू नका. पेटीत ठेवा. मी काही ऐकलं नाही. रस्त्यात कुरिअरवाले काय कमी आपटतात?"

"म्हणजे त्याच्या माथी मारायचं."

"कुणाच्या तरी बसेलच ना माथी!"

"पुढच्या लॅबला माझी भाची आहे, साहेब."

साहेबांची नजर टेबलाच्या कडेकडे गेली. तीन वर्षांपूर्वी वही उघडली तेव्हा ते तिथेच उभे होते. भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन. मग ते वेगळ्याच सुरात म्हणाले, "मग तिला फोन करा. हळूच सांगा, की नऊ दिसला तर घाबरू नकोस. कागद नको मध्ये."

हा मोह खरा होता बरं का. काकूंनी मोबाइल हातात घेतला सुद्धा. चिमणीचं नाव समोर, अंगठा वर. फोनवर हळूच. म्हणजे कागद सोडून फोनवर आकडा सांगायचा, जे कुणी करत नाही, आणि वर त्या पोरीला आपल्या लपवण्यात भागीदार करायचं. एक रात्र लपवलं म्हणून जिला हाकललं, तिलाच आता म्हणायचं, बाळा, जन्मभर लपव. काकूंनी मोबाइल पालथा ठेवला.

"कागद द्या इकडे."

"काकू..."

"दमानं, साहेब. ओरडू नका. हात हलतो."

आणि खरंच हलत होता! बत्तीस वर्षांत पहिल्यांदा साहेबांनी काकूंचा हात हलताना बघितला. अक्षर वाकडं आलं. त्यांनी सह्यांच्या खाली, जिथे जागाच नव्हती तिथे, बारीक अक्षरात लिहिलं. वेळ लिहिली, एक चाळीस. मग: शेवटच्या आकड्यानंतर थर्मामीटर बरणीतून काढताना माझ्या हातून झटकला गेला. पुन्हा मोजला, आकडा एकोणपन्नास पूर्णांक नऊ आठ दोन एक नऊ. पुढच्या लॅबनं हाच आकडा धरून सुरुवात करावी.

शेवटच्या रकान्यात छापलेलं होतं, कारण. तिथे पेन अडकलं. साहेब खांद्यावरून वाचत होते. "निष्काळजीपणा लिहा, अजून काय," ते कडवट म्हणाले.

काकूंनी थोडा विचार केला आणि जे होतं ते लिहिलं. घरी चार दिवस आजारी मिस्टरांचा ताप बघून पारा झटकायची सवय हाताला लागली होती.

"हे असलं कुणी लिहितं का ऑफिसच्या कागदावर?" साहेब म्हणाले.

"कारण विचारलंय त्यांनी."

पावणेचारला दारावर थाप. कुरिअरवाला लवकर आला होता, हेल्मेट डोक्यातच. "पेटी तयार आहे का? खाली गाडी चालू ठेवलीय." काकू साहेबांकडे बघत राहिल्या. नव्या ओळीखाली साहेबांची सही लागणार होती, नाहीतर ती ओळ नुसतं खरडणं. कुरिअरवाला एका पायावरून दुसऱ्या पायावर. "काका, सही करायची असेल तर करा ना लवकर, दंड लागतो मला खाली."

"काका कुणाला म्हणतोस रे!" साहेब त्याच्यावरच खेकसले, आणि त्या रागातच त्यांनी पेन ओढून घेतलं आणि सही ठोकली. कागद फाटता फाटता वाचला. मग बाहेर गेले. चहा तसाच राहिला, त्यावर साय धरली.

पेटी काकूंनी स्वतः जिन्यावरून खाली नेली. कुरिअरवाल्याला म्हणाल्या, "बाळा, दमानं ने हं."

"आत काय आहे एवढं?"

"पाहुणा."

त्यानं पेटी दोन्ही हातांनी धरली.

त्या आठवड्यात तळघरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. मिस्टरांचा ताप गुरुवारी उतरला, काकूंनी तो पाऱ्याचा थर्मामीटर उचलून कपाटाच्या वरच्या कप्प्यात टाकला आणि टीट वाजणारा घेऊन आल्या. मिस्टर म्हणाले, "हिला नक्की काहीतरी झालंय."

तीन आठवड्यांनी वरच्या ऑफिसचं पत्र आलं. साहेबांनी उभ्यानंच फोडलं. थंडीतले आकडे ग्राह्य, कारण झटक्याच्या आधीचे आणि नंतरचे दोन्ही आकडे नोंदले आहेत. पण पाहुण्याला इजा झाल्याबद्दल लॅबचा शिक्का सहा महिने थांबवला आहे, नंतर पुन्हा तपासणी. शटर नाही. पण सहा महिने बाहेरचं एकही काम नाही. काकूंच्या उरलेल्या नोकरीतले बहुतेक सगळे दिवस शिक्क्याविनाच जाणार. टायपिस्ट दुसरीकडे अर्ज टाकायला लागला. साहेब पत्राची घडी घालत म्हणाले, "वाचलो म्हणायचं की मेलो म्हणायचं?" काकू म्हणाल्या, "मध्येच अडकलो." साहेब कितीतरी दिवसांनी हसले, पण थोडंसंच.

त्याच संध्याकाळी काकू बसस्टॉपवर उभ्या असताना मोबाइल वाजला. चिमणी.

काकूंनी दोनदा नाव वाचलं. उचलला. पलीकडे नुसता श्वास. काकूंना कळत होतं, पोरगी नियमाची आहे, आकड्याबद्दल एक अक्षर बोलणार नाही. आणि काकू पण काही विचारत नव्हत्या. जोरात विचारलं की माणूस गरम होतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक. त्या थांबल्या. बस आली, दार उघडलं, कंडक्टरनं "चला, चला" केलं, बस गेली. तरी थांबल्या.

मग चिमणी म्हणाली, "मावशी, काकांचा ताप उतरला का गं?"

"उतरला," काकू म्हणाल्या. आणि त्यांचा आवाज असा काही फुटला की बाजूची बाई वळून बघायला लागली. "उतरला गं बाळा. तू कशी आहेस?"